बागेत कधी उतरणार?

पुण्यातून वाइनसाठी शनिवार-रविवार काढणारे वाढलेत, याचा मला आनंद आहे. कुणी सोलापूर रस्त्याने पाटसजवळच्या रोटीला फोर सीझन्स वायनरीत जातं, कुणी अकलूजकडे फ्रातेल्लीला, कुणी थेट नाशिकच्या सुलाला. पेला कसा धरायचा, वास कसा घ्यायचा, हे तिथे मन लावून शिकवतात. बाग मात्र फोटोपुरती उरते.

हे मला पटत नाही. फ्रान्समधली वेल थंडीत झोपते, तिची छाटणी वर्षातून एकदाच. आपल्या उन्हात वेलीला झोप नाही. म्हणून एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि पावसाळा सरता सरता फळछाटणी. उन्हाळ्यातल्या छाटणीनंतर जी काडी तयार होते, तिच्या डोळ्यांतच पुढच्या हंगामाचा घड ठरतो. फळछाटणीनंतर पाऊस रेंगाळला की डाऊनी हा बुरशीचा रोग आलाच. फुलोऱ्यात पावसाने गाठलं तर गळ. पेल्यातल्या चवीत हे सगळं असतं, आणि ते सांगू शकतो तो बागाईतदारच.

त्याची जोखीमही वेगळी. वाइनचं द्राक्ष म्हणजे बारीक मणी, जाड साल, आत बिया. खाण्यासाठी ते कुणी घेत नाही. वायनरीने उचललं नाही, तर माल जायचा कुठे? नारायणगावच्या इंडाज वायनरीने ऐंशीच्या दशकात भारतीय स्पार्कलिंग वाइन जगापुढे नेली. २००८ च्या मंदीनंतर ती कंपनी कोसळली. त्या पडत्या काळात अनेकांनी वाइनच्या बागा काढून टाकल्या. २७ जानेवारी २०२२ ला राज्य मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाइन विकू देण्याचं ठरवलं, तेव्हाही कारण द्राक्ष उत्पादकांच्या हिताचंच दिलं होतं. निर्णय पुढे बारगळला. शेतकऱ्याचं नाव सगळे घेतात, सहलीत तो भेटत नाही.

माझी मागणी साधी आहे. जानेवारी ते मार्च तोडणी चालते, तेव्हा सकाळी लवकर पाहुण्यांना बागेत न्या. सोबत बागाईतदार असू दे, आणि तिकिटातला ठरलेला वाटा त्याला द्या. बाटलीवर त्याच्या गावाचं नाव छापा. ज्यांना पाय मोकळे करायचेत त्यांच्यासाठी जुन्नर आहेच: पहाटे शिवनेरी, दुसऱ्या दिवशी नाणेघाट, मधे द्राक्षाचं शिवार. मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे, द्राक्ष बागाईतदार संघही पुण्यातलाच. वायनरीवाल्यांनी या दोघांसोबत बसावं आणि येत्या फळछाटणीच्या आत पहिली फेरी ठरवावी.