ट्रॅकवर पहिला धडा ब्रेकचा, मग हायवेवर रेस कशाला?

धाराशिवहून येडशीकडे जाताना सोलापूर-धुळे महामार्ग मोकळा दिसला की पाय आपोआप एक्सलेटरवर दाबला जातो. पण वेगाची हौस असेल तर तिची जागा रेसिंग सर्किटवर.

ग्रेटर नोएडाच्या ५.१२५ किलोमीटरच्या बुद्ध सर्किटवर सगळ्या गाड्या एकाच दिशेने धावतात. तिथे समोरून ट्रॅक्टर येत नाही, तुळजापूरला पायी निघालेले भाविकही नसतात. तरीही ट्रॅकवर पहिल्यांदा स्पोर्ट्स कार चालवणाऱ्याला आधी ब्रेक शिकावा लागतो: वळण येण्याआधीच, गाडी सरळ असताना वेग कमी करायचा.

कारण साधे आहे. वेग दुप्पट झाला की ब्रेक दाबल्यापासून गाडी थांबेपर्यंतचे अंतर साधारण चौपट होते.

सर्किट आपल्यापासून लांब आहे, हे खरे. पण म्हणून महामार्ग सर्किट होत नाही.