शांतता समितीची मधली खुर्ची

गणपती, मोहरम, ईद-ए-मिलाद जवळ आले की आमच्या बारामती-इंदापूर पट्ट्यात फोन सुरू होतात. ठाण्यात शांतता समितीची बैठक आहे, समाजाच्या वतीने चार माणसं पाठवा. मग एका बाजूला टोप्या, दुसऱ्या बाजूला मंडळांचे अध्यक्ष, मधल्या खुर्चीवर साहेब. चहा होतो, 'आपल्या तालुक्याला भाईचाऱ्याची परंपरा आहे' असे एक भाषण होते, फोटो निघतो, आणि हीच मंडळी एकदम पुढच्या सणाला भेटतात. मराठीचा मास्तर म्हणून एक गोष्ट मला खटकते. आपल्या भाषेत 'शांतता' हा शब्द दोन कामे करतो. वर्गात मी 'शांतता!' म्हणतो तेव्हा मुलांनी गप्प बसावे एवढाच अर्थ असतो. ठाण्यातल्या बैठकीतही अर्थ तोच आहे.

हे सगळे एका पुस्तकामुळे लिहितो आहे. निवृत्त आयपीएस अधिकारी सुरेश खोपडे यांचे 'मुंबई जळाली, भिवंडी का नाही?'. आमच्या भागाला हे नाव नवीन नाही, 2014 च्या लोकसभेला ते बारामतीतूनच उभे होते. तेव्हा त्यांच्या राजकारणाची चर्चा झाली, पुस्तकाची मात्र कुणी केली नाही. आपल्या मोहल्ल्यात ते वाचलेला माणूस मला क्वचितच भेटतो. एका पोलिसाने लिहिले म्हणून आपण ते हातात घेत नाही. पोलीस ते वाचत असावेत, असेही वाटत नाही.

भिवंडीचा इतिहास आठवून पाहा. 1970 मध्ये शिवजयंतीच्या मिरवणुकीवरून दंगल, 1984 मध्ये पुन्हा. यंत्रमागाचे हे गाव पेटणारच, असे महाराष्ट्राने धरून ठेवले होते. 1984 नंतर खोपडे तिथे उपायुक्त म्हणून गेले आणि त्यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 मध्ये मुंबईत नऊशे माणसे मारली गेली, हा श्रीकृष्ण आयोगाचा आकडा आहे. शेजारची भिवंडी शांत राहिली.

कशामुळे? समितीत पुढारी नव्हते. गल्लीतली साधी माणसे होती, हिंदू-मुसलमान एकत्र बसत. आणि त्यांच्यासोबत साहेब नाही, त्या भागाचा हवालदार बसे. सणापुरते नाही, वर्षभर. नळ, गटार, भाडेकरूची भांडणे असे विषय निघत. दोन वर्षे ज्याच्याशी गटारावरून वाद घातला, त्याच्याविषयीची अफवा रात्री दोन वाजता आली तर माणूस आधी त्यालाच विचारतो. इतकी साधी गोष्ट आहे ती.

आता आपली ठाण्यातली बैठक या शेजारी ठेवा. ती कुठून आली? 1857 नंतर इंग्रजांनी 1861 चा पोलीस कायदा केला, आयर्लंडमधल्या प्रजेला धाकात ठेवणाऱ्या दलाचा नमुना समोर ठेवून. त्यांच्या कागदपत्रांत हिंदुस्थान म्हणजे उपजतच भांडणाऱ्या दोन जमाती आणि त्यांच्या मध्ये निःपक्षपाती सरकार. प्रत्येक जमातीचे चार प्रतिष्ठित बोलावायचे, त्यांच्याकडून हमी घ्यायची. 1909 मध्ये विभक्त मतदारसंघ देऊन हेच 'समाजाच्या वतीने' कायद्यात आणले. दोन समाजांत शत्रुत्व पसरवण्याचे 153-अ कलम 1898 चे, आणि जमावबंदीचे 144 ज्या फौजदारी संहितेत होते तीही त्याच वर्षाची. 2024 पासून नव्या संहितांमध्ये कलमांचे आकडे बदलले. बैठकीतल्या खुर्च्या मात्र तशाच आहेत.

आणि आपण त्या खुर्चीवर आनंदाने जाऊन बसतो, हे माझे खरे दुखणे आहे. मला शिक्षक म्हणून बोलावले तर मी जाईन, पालक म्हणून जाईन, रस्त्याच्या खड्ड्याबद्दल ओरडायलाही जाईन. मला तिथे फक्त मुसलमान म्हणून हवे असते. एका बैठकीत एका गृहस्थांनी कौतुकाने विचारले, 'सर, इतके शुद्ध मराठी कुठे शिकलात?' अहो, इथेच शिकलो! माझ्या घरात दखनी बोलतात, शेतात मराठी, शाळेत मी दोन्ही शिकवतो. पलीकडे श्रीगोंद्याला शेख महंमदांनी मराठीत 'योगसंग्राम' लिहून साडेतीनशेहून अधिक वर्षे झाली. इंदापुरात मालोजीराजांची गढी आहे आणि चाँदशाहवलींचा दर्गाही. त्याच मालोजीराजांनी मुलांची नावे नगरच्या शाह शरीफ पिरावरून शहाजी आणि शरीफजी ठेवली, असे परंपरा सांगते. या गावात मी पाहुणा म्हणून 'भाईचारा' मागायचा?

आपल्यातले काहीजण म्हणतील, सर, पोलिसांवर भरवसा ठेवायला सांगता? 1970 च्या दंगलीत पोलीस कसे वागले हे न्यायमूर्ती मादन आयोगाने लिहून ठेवले आहे, मुंबईचे श्रीकृष्ण आयोगाने. दोन्ही खरे. म्हणूनच तर मी सांगतो. ज्या हवालदाराला आपल्या गल्लीतल्या एकाही पोराचे नाव ठाऊक नाही, त्याला दंगलीच्या रात्री फक्त जमाव दिसतो. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: अशा समित्या खबऱ्यांचा अड्डा होतात, पुढे पक्षाचे कार्यकर्ते त्यात घुसतात. बऱ्याच ठिकाणी तसे झालेही. पण त्यावर उपाय सदस्य कोण असावेत हे गल्लीने ठरवण्याचा आहे, घरी बसण्याचा नाही.

घरी बसायची चैन आता राहिलेली नाही. 1 ऑगस्ट 2025 ला यवतमध्ये एका सोशल मीडिया पोस्टवरून जाळपोळ झाली. यवत आमच्या शेजारच्या दौंड तालुक्यात. तुकोबांची पालखी तिथे मुक्काम करून बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर अशी पुढे जाते, आणि वाटेत आपली पोरे वारकऱ्यांना पाणी देतात. परंपरा तिथेही होतीच. भाषणातल्या परंपरेने मोबाइलवरची पोस्ट थांबत नाही.

उर्दूच्या तासाला मी मुलांना सांगतो की 'अमन' आणि 'ईमान' एकाच धातूतून आलेले शब्द आहेत, आणि 'सुलह' व 'इस्लाह' यांचाही धातू एक. इस्लाह म्हणजे बिघडलेले दुरुस्त करणे. दुरुस्तीला हत्यारे लागतात, ती आमच्या तालुक्यात पडून आहेत. इंदापूरच्या डाळिंब बाजारात बागायतदार आणि बागवान रोज एकमेकांचे तोंड पाहतात, भावावरून भांडतात, उधारी ठेवतात. ऊसतोडीच्या हंगामात टोळीवाला, ट्रॅक्टरवाला, गॅरेजवाला एकमेकांशिवाय हलू शकत नाहीत. शाळेच्या पालकसभेला सगळ्यांच्या आया एकाच सतरंजीवर असतात. समितीची यादी इथून करायला हवी. त्यात अर्ध्या बाया असाव्यात, कारण अफवा घरात आधी शिरते. बैठक महिन्यातून एकदा, ठाण्याबाहेर, गल्लीत. बीट हवालदाराने यायचे आणि सगळ्यांसोबत सतरंजीवर बसायचे. मशिदीच्या ट्रस्टींना आणि मंडळाच्या अध्यक्षांना यायचे तर त्यांनी यावे, पण त्या गल्लीचे रहिवासी म्हणून.