२७ अश्वशक्तीचे कुंपण

विजेचा विषय निघाला की आपल्याकडे चर्चा होते ती मेगावॉटांची. दाभोळचा प्रकल्प १९९५ साली रद्द झाला, मग नव्याने करार झाला, १९९९ मध्ये पहिला टप्पा सुरू झाला आणि २००१ मध्ये बंदही पडला. त्या काळात चहाच्या टपरीवर बसलेला माणूसही मेगावॉटांत बोलत असे. आम्हा कापडवाल्यांचा जीव मात्र अश्वशक्तीत अडकलेला आहे, आणि तोही नेमका २७ या आकड्यावर.

आम्ही राहतो कोपरला आणि व्यापार करतो भिवंडीच्या ग्रे कापडाचा. कोपर स्थानकात खाली कल्याणकडची लोकल, आणि जिना चढून वर गेले की दिवा-वसई मार्गाची गाडी. ही गाडी दिवसातून मोजक्याच वेळा, पण पुढचे स्थानकच भिवंडी रोड असल्याने आम्ही शक्यतो तिच्याच वेळेवर निघतो. आमच्या जुन्या व्यवहारातले एक यंत्रमागधारक याच गाडीत भेटले. त्यांचे २४ साधे माग आहेत. मुलाच्या आग्रहाने निम्मे माग भंगारात काढून सहा रॅपिअर माग बसवायचे, असे त्यांनी दोन वर्षांपूर्वी ठरवले होते. काय झाले, असे विचारले तर म्हणाले, "भाई, पैसा कसाबसा उभा राहील, पण मीटर नडतो ना!"

बाहेरच्या माणसाला हे कोडे वाटेल. साध्या मागाला साधारण एक अश्वशक्तीची मोटर लागते. म्हणजे २४ मागांचा भार २४ अश्वशक्ती झाला. रॅपिअरला एकाला चार अश्वशक्ती धरा. बारा जुने आणि सहा नवे मिळून भार ३६ होतो. महाराष्ट्रात यंत्रमागाच्या लघुदाब वीजदरात २० किलोवॉटपर्यंत एक गट आणि त्यावर दुसरा गट आहे. २० किलोवॉट म्हणजेच सुमारे २७ अश्वशक्ती. खालच्या गटाला जोडणीमागे ठरावीक स्थिर आकार, तर वरच्या गटाला तोच आकार केव्हीएच्या हिशेबाने. राज्य सरकारच्या सवलतीची रेषाही याच ठिकाणी आहे. मार्च २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने जादा सवलत मंजूर केली, ती २७ अश्वशक्तीपर्यंत युनिटमागे १ रुपया आणि त्यावर २०१ अश्वशक्तीपर्यंत ७५ पैसे. लहान माणसाला जास्त द्यावे, हा हेतू चांगलाच आहे, त्याबद्दल तक्रार नाही.

तक्रार आहे ती रेषा ओलांडल्यावर काय होते याची. ३६ अश्वशक्तीचा कारखाना पूर्ण भारावर रोज २० तास आणि महिन्याला २६ दिवस चालला, तर सुमारे १४ हजार युनिटे जळतात. या जादा सवलतीतला २५ पैशांचा फरक तेवढा धरला तरी महिन्याला साडेतीन हजार रुपये जातात. स्थिर आकारातली वाढ आणखी वेगळी. कोणी म्हणेल, साडेतीन हजारांत काय आहे! त्यांनी भिवंडीत येऊन बघावे. इथे विणाईची मजुरी पिकावर ठरते आणि तीही पैशांत. दोन-चार पैशांसाठी सौदा मोडलेला आम्ही अनेकदा पाहिला आहे. कित्येकदा आम्हीच मोडला आहे, हेही कबूल करतो.

आता दिल्लीचे धोरण पाहा. १ एप्रिल १९९९ पासून तंत्रज्ञान सुधारणा निधी योजना सुरू झाली आणि तिची सुधारित आवृत्ती मार्च २०२२ पर्यंत चालली. १ एप्रिल २०१७ रोजी पॉवरटेक्स इंडिया योजनेचा आरंभ तर भिवंडीतच झाला. जुना साधा माग सुधारा किंवा बदला, यासाठी त्यात अनुदान होते. साध्या मागाच्या दुप्पट-तिप्पट कापड नवा माग काढतो. चीन आणि बांगलादेशपुढे टिकायचे तर दुसरा मार्ग नाही, हे आम्हालाही समजते. पण दिल्ली सांगणार, मोठा माग घ्या, आणि मुंबईचे वीजबिल सांगणार, लहानच राहा. मधल्या माणसाने ऐकायचे कोणाचे?

याचा एक वाईट परिणाम आमच्या लोकांनीच करून ठेवला आहे. एकाच छपराखाली भावाच्या नावाने एक मीटर, बायकोच्या नावाने दुसरा. कागदावर दोन कारखाने, आत दाराला दार लागलेले. हे बरोबर नाही, असे आम्ही तोंडावर सांगतो. पण जो नियम सरळ वाढणाऱ्याला दंड करतो, तो आडवाटेने जायला शिकवतोच.

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. २६ जानेवारी २००७ पासून भिवंडीचे वीजवितरण टोरंटकडे फ्रँचाइझी म्हणून गेले आणि त्याआधीच्या भारनियमनाच्या तुलनेत पुरवठा पुष्कळ सुधारला. पूर्वी वीज आहे की नाही ते बघावे लागे, आता ती कितीला पडली ते बघावे लागते. इंधन समायोजन आकार, वहन आकार, वीज शुल्क... आमची शाळा उर्दू माध्यमाची; मराठीतले हे जड शब्द आम्हाला मास्तरांनी नव्हे, वीजबिलाने शिकवले.

मागणी एवढीच आहे की सवलत आयकराच्या धर्तीवर द्यावी. आयकरात मर्यादा ओलांडली तर वरच्या रकमेवरच वरचा दर लागतो, सगळ्या कमाईवर नाही. तसेच पहिल्या २७ अश्वशक्तीच्या वाट्याच्या युनिटांना पूर्ण रुपया द्यावा आणि उरलेल्यांना ७५ पैसे. वरच्या उदाहरणात तोटा साडेतीन हजारांवरून नऊशेच्या आत येईल. सरकारी तिजोरीवर थोडा भार पडेल, पण दोन-दोन मीटरांचे सोंग बंद झाले तर त्यातला काही परतही येईल. स्थिर आकाराचा प्रश्न वीज नियामक आयोगापुढचा आहे. तिथल्या जनसुनावणीत यंत्रमागधारकांच्या संघटनांनी हा हिशेब मांडावा. दर कमी करा, एवढे ओरडून आजवर काय पदरात पडले?

चूक दुरुस्त होत नाही असेही नाही. जीएसटीत कृत्रिम तंतूवर १८ टक्के, त्याच्या सुतावर १२ आणि कापडावर ५, हा उलटा जिना २०१७ पासून होता. तो सप्टेंबर २०२५ मध्ये काढून तिन्ही ५ टक्क्यांवर आणले. आठ वर्षे लागली, पण झाले.

आमच्या त्या स्नेह्यांना आम्ही हे सगळे भिवंडी रोड येईपर्यंत सांगितले. ते हसले. भंगारवाला दर आठवड्याला विचारून जातो म्हणाले, आणि मुलाने आता नोकरीसाठी अर्ज केला आहे.