मुक्त म्हणजे फुकट नव्हे

मुक्त सॉफ्टवेअर घडविणाऱ्याने ग्राहकाकडून पैसे घेतले की चळवळीला कलंक लागला, असे मानणारे पुरोगामी वर्तुळातही थोडे नाहीत. ज्ञान सर्वांचे, मग त्याला दाम कसला, हा त्यांचा सवाल. सवाल उदात्त आहे. मात्र त्यात श्रम करणारा माणूस कोठेच दिसत नाही.

इंग्रजीत मुक्त आणि फुकट या दोहोंना 'फ्री' हा एकच शब्द असल्याने तेथे घोळ झाला. मराठीत तो होण्याचे काहीच कारण नव्हते. १९८३ साली ग्नू प्रकल्पाची घोषणा करणाऱ्या रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८५ मध्ये उदरनिर्वाहासाठी ईमॅक्स या आपल्या प्रणालीची टेप दीडशे डॉलरला विकण्यास आरंभ केला. ज्यांना ती संगणकांच्या जाळ्यावरून उतरवून घेणे शक्य होते, त्यांना ती विनामूल्यच होती. टेप घेणाऱ्याला प्रणालीची मूळ संहिता, म्हणजे सोर्स कोड, मिळे. ती वाचण्याचा, बदलण्याचा आणि प्रती काढून वाटण्याचा हक्कही मिळे. १९८९ साली निघालेल्या जीपीएल परवान्यानेही किंमत घेण्यास मनाई केली नाही. मनाई केली ती, घेणाऱ्याने पुढे वाटू नये म्हणून त्याचे हात बांधण्यास.

फुकटच्या आग्रहाने कोणाचे भले होते, हे २०१४ साली जगाने पाहिले. बँका, दुकाने आणि सरकारी खाती यांचे इंटरनेटवरील व्यवहार गुप्त राखण्यासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या ओपनएसएसएल या प्रणालीत 'हार्टब्लीड' नावाचा गंभीर दोष उघडकीस आला. तो दोन वर्षे तसाच पडून होता. तेव्हा कळले की, ही प्रणाली सांभाळण्यासाठी पूर्णवेळ माणूस एकच होता आणि देणग्या मिळत होत्या वर्षाला सुमारे दोन हजार डॉलर! अब्जावधींची उलाढाल करणाऱ्या कंपन्या तिच्या भरवशावर निर्धास्त होत्या. घर पेटल्यावर त्यांनी निधी उभारला. याला ज्ञानदान म्हणायचे की वेठबिगारी?

परंतु किंमत न्याय्य म्हणून तिच्याआडची प्रत्येक अट न्याय्य ठरत नाही. लिनक्सवर आधारलेली प्रणाली आणि तिची देखभाल विकून मोठी झालेली रेड हॅट कंपनी २०१९ मध्ये आयबीएमने सुमारे चौतीस अब्ज डॉलरला विकत घेतली. जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री असताना, १९७८ साली, भारतातून गाशा गुंडाळणारी हीच आयबीएम. रेड हॅटने असंख्य अभियंत्यांना पगार देऊन मुक्त प्रणालीवर काम करविले, हे नाकारण्याचे कारण नाही. मात्र जून २०२३ मध्ये तिने आपल्या मुख्य प्रणालीची नेमकी संहिता सर्वांसाठी खुली ठेवण्याचे थांबवून ती ग्राहकांपुरती राखली, आणि ग्राहकाने ती पुढे वाटल्यास सेवा बंद करण्याची मुभा करारात ठेवली. परवान्याच्या अक्षरात हे बसते किंवा कसे, यावर वकिलांनी खुशाल वाद घालावा. त्या संहितेत जगभरच्या हजारोंचे श्रम आहेत, आणि त्यांपैकी कितीएकांनी ते पगाराविना, ती सर्वांसाठी खुली राहील या भरवशावर केलेले आहेत.