आरोग्यविचार : फुगलेल्या शिरा आणि जठराचें अस्तर

रक्ताची उलटी झालेल्या रुग्णावर शस्त्रक्रिया होऊन रक्त थांबलें कीं घरची मंडळी सुटकेचा निःश्वास टाकतात. तें स्वाभाविकच आहे. परंतु त्यापाठोपाठ ‘रोग गेला’ असा जो निष्कर्ष निघतो, तो मात्र तपासून पाहिला पाहिजे.

जठर, आंतडीं व प्लीहा यांतील रक्त यकृताकडे नेणाऱ्या मोठ्या शिरेस पोर्टल, म्हणजे ‘दाराची’ शीर म्हणतात. यकृत कठीण झालें म्हणजे हें दार अडतें, रक्ताचा दाब वाढतो, आणि रक्त आडवाटेनें अन्ननलिकेच्या नाजूक शिरांत शिरून त्यांस फुगवितें. त्याच दाबानें जठराच्या अस्तरांतही रक्त तुंबतें. दुर्बिणींतून तें अस्तर सापाच्या कातडीसारखें दिसतें आणि त्यांतून रक्त झिरपूं शकतें. हा साधा जठरदाह नव्हे, हें मॅक्कॉर्मॅक व त्यांचे सहकारी यांनीं १९८५ सालीं दाखविलें.

शस्त्रक्रियेचे मुख्य प्रकार दोन. टोकियोचे सुगिउरा व फुतागावा यांनीं १९७३ सालीं प्रसिद्ध केलेल्या पद्धतींत अन्ननलिका व जठराचा वरचा भाग यांकडे येणाऱ्या शिरा बांधून तोडतात व प्लीहा काढतात. रक्तस्राव थांबतो, पण यकृताचें दार अडलेलेंच राहतें. म्हणून अस्तरांतील तुंबारा तसाच राहूं शकतो, क्वचित् वाढतोही. दुर्बिणींतून फुगलेल्या शिरांस रबरी कडीं घातल्यावरही असा अनुभव येतो.

दुसरा प्रकार, तुंबलेलें रक्त दुसऱ्या मोठ्या शिरेंत वळविण्याचा. रशियन शल्यविशारद निकोलाय एक् यांनीं १८७७ सालीं कुत्र्यांवर अशी जोडणी केली होती. यानें दाब उतरतो व अस्तर पुष्कळदां निवळतें. मात्र यकृताला टाळून गेलेलें रक्त शुद्ध होत नाहीं, आणि त्यायोगें रुग्णास बुद्धिभ्रम होण्याचें भय असतें. कोणती वाट धरावी हें तज्ज्ञच रुग्णाची प्रकृति पाहून ठरवितात.

घरच्यांचें कर्तव्य निराळें आहे. शस्त्रक्रियेनंतरही चेहरा फिकट पडणें, थकवा, डांबरासारखें काळें शौच यांकडे लक्ष ठेवावें. लोहाच्या गोळ्यांनींही शौच काळें होतें. तेव्हां अंदाजावर न राहतां रक्त तपासून घ्यावें. अंगदुखीच्या गोळ्या वैद्यांस विचारल्यावांचून देऊं नयेत, आणि दाब उतरविण्याचें औषध रुग्णास बरें वाटतें म्हणून आपण होऊन बंद करूं नये. शीर बांधली म्हणजे दाब गेला असें नव्हे, एवढें ध्यानांत राहिलें तरी पुष्कळ झालें.