गाडीचा गंज आणि कूलरची टाकी

मैत्रिणींनो, मार्च उजाडला की आपल्या वऱ्हाडात घरोघरी एक काम निघते. कूलर खाली काढायचा, कुजलेला वाळा फेकून द्यायचा, टाकीच्या बुडाला धरलेला पांढरा थर खरवडायचा आणि गंजलेल्या जागी डांबर नाही तर ऑइलपेंट फासायचा. एखाद्या वर्षी आळस केला की मे महिन्यात टाकी गळते आणि खोलीभर पाणी होते. हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. पण अंगणातल्या मोटारीचा पत्राही शेवटी लोखंडाचाच, हे मात्र माझ्या डोक्यात कधी आले नाही. त्याची किंमत मोजली, म्हणून आजचा विषय गंजाचा.

आमची गाडी सात वर्षांची. दोन पावसाळ्यांपूर्वी तिच्या मागच्या दाराच्या खालच्या कडेला रंगावर फोड आले, साबुदाण्याएवढे. नखाने टोकरले तर रंगाची खपली निघाली आणि आत तांबूस भुगा. ह्यांनी गाडी शोरूमला नेली. "वॉरंटी संपली, सर," एवढेच उत्तर मिळाले. विमा आहे की, म्हणून तिकडे विचारले. तर विम्यात अपघाताचे नुकसान बसते, झीज आणि गंज बसत नाही. मग इथल्याच एका गॅरेजवाल्याने दोन दिवसांत पुट्टी भरून रंग मारून दिला. साडेचार हजार रुपये गेले, पण दार नव्यासारखे दिसू लागले. मी समाधानाने त्यावरून हातही फिरवला!

गेल्या भाऊबीजेला अमरावतीहून माहेरी, अकोल्याला निघालो होतो. मूर्तिजापूर यायच्या आधी चाक पंक्चर झाले. मुलीला मी रस्त्याच्या कडेला बाभळीखाली उभी केली. ह्यांनी जॅक लावला, दोन वेढे दिले, आणि गाडी उचलली जाण्याऐवजी दाराखालचा पत्राच पापडासारखा कुरकुरत आत गेला. नशीब, ह्यांचा हात खाली नव्हता. कशीबशी दुसऱ्या जागी जॅक लावून चाक बदलले. अकोला येईपर्यंत माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. ज्या दाराशी पोरगी रोज बसते, त्याच्या खालचा पत्रा असा पोकळ झाला होता, आणि वरून मी त्याला फडक्याने चमकवत होते.

दुसऱ्या दिवशी भावाने एका वयस्कर डेंटरकडे नेले. त्यांनी दाराकडे पाहिलेसुद्धा नाही. पोत्याचा तुकडा अंथरून ते सरळ गाडीखाली शिरले. बाहेर आले ते मान हलवतच.

"बाई, गाडी वरून नाई सडत, बुडातून सडते. रंग तं सारेच पाह्यतात. पानी कुठं थांबून राह्यलं, थे कोनी पाह्यत नाई."

मग दारांच्या खालच्या कडेला असलेली बारीक भोके त्यांनी तारेने मोकळी केली. आतून काळे पाणी, माती आणि कडुनिंबाच्या पानांचा लगदा पडला. अशी भोके असतात हेच मला ठाऊक नव्हते! काचेवरून ओघळलेले पाणी दाराच्या पोटात उतरते आणि ह्या भोकांतून बाहेर पडते. ती बुजली की दाराचा हौद होतो.

"धुता कोन्त्या पान्यानं?" त्यांनी विचारले.

मी सांगितले, आमचे शेत दर्यापूरच्या बाजूला आहे. रविवारी जातो तेव्हा तिथल्या बोअरवरच गाडी धुऊन आणतो. ते हसले. "त्या पान्यात तुरीची दाय शिजते काय?"

एवढ्या एका प्रश्नात सारा उलगडा झाला. पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलढाणा ह्या तिन्ही जिल्ह्यांतून खारपाणपट्टा पसरला आहे. तिथले जमिनीतले पाणी खारे. त्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, हंड्यावर पांढरी पुटे चढतात, हे तिकडे दिलेल्या प्रत्येक लेकीला माहीत असते. लोखंडाला गंज चढायला पाणी आणि हवा दोन्ही लागतात. त्यात क्षार मिसळले की काम झपाट्याने होते. पाणी वाळून जाते, पण क्षार तिथेच बसतात आणि पुन्हा ओल आली की गंजाला हात देतात. गंज ही कोकणातल्या लोकांची कटकट, आपले ऊन कोरडे, अशी माझी समजूत होती. तिकडे मीठ हवेतून येते, आपल्याकडे ते जमिनीतून येते, एवढाच काय तो फरक. त्यातून आमची गाडी उभी राहते नेमकी खिडकीतल्या कूलरखाली. उन्हाळाभर तिच्यावर ठिबक ठिबक! कूलरमधले पाणी उडत जाते तसे उरलेले आणखी खारट होते, हेही ध्यानात घ्या.

पितळेच्या पातेल्याला जशी कल्हई, तसा पत्र्याला रंग. कल्हई उडालेल्या पातेल्यात आपण ताक ठेवत नाही. मग रंग उडालेल्या पत्र्यावर पाणी का राहू द्यायचे? गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, म्हणून तो रंगाला आतून उचलतो. तेव्हा बाहेर साबुदाणा दिसला, तर आत रुपयाएवढी जागा पोखरलेली असू शकते. त्यावर नुसती पुट्टी भरणे म्हणजे न धुतलेल्या जखमेवर पट्टी बांधणे. अकोल्याच्या डेंटरने सडलेला पत्रा कापून काढला, नवा जोडला, आतबाहेर प्रायमर दिला. खर्च अठरा हजारांवर गेला. वेळीच लक्ष दिले असते, तर खराट्याच्या एका काडीत भागले असते.

आता मी काय करते, ते सांगते.

१. पावसाळ्यात महिन्यातून एकदा दारांच्या खालची भोके खराट्याच्या काडीने मोकळी करते. बॉनेट उघडून समोरच्या काचेखालच्या खाचेतला पालापाचोळा हाताने काढते. पाणी मारून तो आत ढकलायचा नाही.

२. गाडी नळाच्या पाण्याने धुवायची. शेतावर बोअरचे पाणी वापरावेच लागले, तर घरी आल्यावर दोन बादल्या नळाचे पाणी चाकांच्या आतल्या बाजूला आणि खालच्या कडांना मारायचे. पावसाचे धरलेले पाणी ह्या कामाला सर्वांत उत्तम.

३. चिखलदऱ्याहून किंवा पावसातून आलात की पायाखालच्या चटया बाहेर काढा आणि खालच्या गालिच्यावर तळहात दाबून पाहा. कुबट वास आला तर ओल आहेच. दारे उघडी टाकून ऊन दाखवा.

४. ओल्या गाडीवर प्लॅस्टिकची ताडपत्री घालू नका. ओले कपडे आपण कपाटात ठेवतो का?

५. ओरखडा लोखंडापर्यंत गेला असेल, तर त्याच आठवड्यात उपाय करा. जागा धुऊन कोरडी करायची, गंज पॉलिशपेपरने पूर्ण घासून काढायचा, मग प्रायमर आणि तो वाळल्यावर गाडीच्या रंगाची छोटी बाटली. रंगाचा क्रमांक गाडीवरच्या पट्टीवर असतो. तो दाखवला की रंग जुळतो.

६. गाडीच्या बुडाला काळा लेप लावून घ्यायचा तर गंज काढून, पत्रा पूर्ण वाळल्यावरच. ओल्या किंवा गंजक्या पत्र्यावर लेप बसला, तर ओल आत कोंडते. भोके बुजवली नाहीत ना, तेही पाहा.

७. जुनी गाडी घेताना फ्रिजवरचे लोहचुंबक मऊ कापडात गुंडाळून पर्समध्ये न्या. एरवी पत्र्याला चिकटते आणि एखाद्याच जागी चिकटत नाही, तर तिथे जाड पुट्टी आहे. नवी घेणाऱ्यांनी विचारावे, जस्त चढवलेला पत्रा कुठे कुठे आहे? जस्ताच्या बादलीला चरा पडला तरी आधी जस्त झिजते आणि लोखंड वाचते.

आता वॉरंटीविषयी. ज्यांची अजून चालू आहे, त्यांनी पुस्तिका आजच उघडा. रंगाची किती वर्षे, पत्र्याला आरपार भोक पडले तर काय, आणि कोणता गंज वगळला आहे, ते वाचा. मुदत संपण्याच्या महिनाभर आधी गाडी वर उचलून खालून तपासायला लावा. काही आढळले तर जॉबकार्डावर लिहून घ्या. तोंडी सांगितलेले पुढे कोणाला आठवत नाही. मुळातच पत्र्यात किंवा रंगात दोष असेल, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. साधारणपणे तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत. आधी सल्ला हवा असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. आमची चूक धुण्याची होती, म्हणून आम्ही त्या वाटेला गेलो नाही. खासगी मोटारीची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे तपासणी होऊन ती पाच पाच वर्षांनी वाढते. सडलेल्या बुडाची गाडी त्या तपासणीला कशी उभी राहणार?

हे सारे लक्षात कसे ठेवायचे? मी दोन दिवस ठरवून टाकले आहेत. मार्चमध्ये कूलरची टाकी रंगवायची, त्याच दिवशी गाडीचे ओरखडे पाहायचे आणि तिची जागा कूलरखालून हलवायची. आणि दसऱ्याला, पावसाळा सरलेला असतो तेव्हा, झेंडूचा हार घालण्याआधी चटया उचलून बुडाला हात लावून पाहायचा. ह्या दसऱ्याला काडी घेऊन भोके साफ करायचे काम मुलीने आपणहून मागून घेतले आहे. मी म्हटले, कर बाई, तुझ्याच दारापासून सुरुवात कर.