ठेव जनतेची, कोठार सावकाराचे

१ जून २०२१ पासून जगभरातल्या कोट्यवधी कुटुंबांच्या आठवणींना भाडे लागू झाले, आणि त्याविरुद्ध या देशात म्हणण्यासारखा आवाज उठला नाही. गुगल कंपनीने मे २०१५ मध्ये छायाचित्रे साठविण्याची सेवा सुरू केली, तेव्हा थोड्या कमी दर्जाची छायाचित्रे हवी तितकी ठेवा, मोबदला नको, असे तिचे आश्वासन होते. सहा वर्षांत लोकांची सवय पक्की झाली. मग नव्या छायाचित्रांचा हिशेब पंधरा गिगाबाइटच्या मर्यादेत धरला जाऊ लागला, आणि त्याच मर्यादेत ग्राहकाची पत्रे व कागदपत्रेही मोजली जातात. मर्यादा ओलांडली की पैसे भरा, नाही तर नवे काही ठेवू नका. गावच्या सावकाराने पहिली काही वर्षे धान्य फुकट साठवून द्यावे आणि घरातली कणगी मोडून पडल्यावर कोठाराचे भाडे सांगावे, त्यातलाच हा प्रकार होय.

‘महिन्याला शंभर-सव्वाशे रुपयांचा तर प्रश्न आहे,’ असे यावर सांगितले जाते. प्रश्न रुपयांचा नाहीच. साठवणुकीला खर्च येतो आणि तो कुणी तरी सोसावा लागतो, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्गातला विद्यार्थीही जाणतो. २०११ साली थायलंडमध्ये महापूर आला, तेथील कारखाने पाण्याखाली गेले आणि जगभर हार्ड डिस्कच्या किमती भडकल्या. ‘क्लाउड’ या हवेशीर नावामागे लोखंड आहे, वीज आहे, पाणी आहे आणि कारखान्यात राबणारा कामगार आहे, हे त्या वर्षी उघड झाले. म्हणजे फुकट काहीच नव्हते. किंमत फक्त पुढे ढकललेली होती. आक्षेप आहे तो किंमत ठरविण्याच्या अधिकारावर. दहा वर्षांची छायाचित्रे एका ठिकाणी गोळा झाल्यावर ती उचलून दुसरीकडे नेण्याचे कष्ट इतके वाढतात की ग्राहक हा ग्राहक राहत नाही, तो कूळ बनतो. जमीन सोडता येत नाही आणि खंड किती हे मालक ठरवतो, ही स्थिती महाराष्ट्राला नवी नाही.

हा एकाच कंपनीचा दोष असता तर दुसरी निवडून भागले असते. परंतु गेल्या काही वर्षांचा इतिहास वेगळे सांगतो. ऑर्कुटवर एका पिढीने आपले महाविद्यालयीन जीवन मांडले; ३० सप्टेंबर २०१४ रोजी ते बंद झाले. फ्लिकरने २०१३ मध्ये एक टेराबाइट जागा मोफत देऊ केली. २०१८ मध्ये मालकी बदलली आणि मोफत खात्यात एक हजारांहून अधिक छायाचित्रे राहणार नाहीत, जादा काढून टाकली जातील, अशी नोटीस निघाली. मायस्पेसने २०१९ मध्ये कबूल केले की सर्व्हर बदलताना जुनी छायाचित्रे, चित्रफिती आणि लाखो गाणी हाती राहिली नाहीत. गुगलने तर दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती आतल्या सामग्रीसह काढून टाकण्याचे धोरण डिसेंबर २०२३ पासून अमलात आणले. यांपैकी कुठेही कायदा मोडला गेला असे म्हणता येणार नाही. करारच तसा होता. ठेवीदाराला बँक बुडाली तर निदान विम्याचे संरक्षण असते. आठवणींच्या ठेवीदाराला तेवढेही नाही.

येथवर दोष भांडवलाचा. आता घरचा हिशेब मांडला पाहिजे, कारण तो अधिक अप्रिय आहे.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपाची छायाचित्रे आज पाहता येतात, कारण ती निगेटिव्हवर आणि कागदावर होती. कागद उपेक्षा सोसतो. ट्रंकेच्या तळाशी चाळीस वर्षे पडलेली प्रत पिवळी पडते, पण चेहरे ओळखू येतात. डिजिटल छायाचित्राला असा धीर नाही. दहा वर्षे न उघडलेली डिस्क चालू होईलच असे नाही, आणि बिघडली तर अर्धवट काही उरत नाही. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून निघालेला शेतकऱ्यांचा मोर्चा १२ तारखेला मुंबईत पोहोचला. फोड आलेल्या, रक्ताळलेल्या पायांची छायाचित्रे त्या दिवशी घरोघर पोहोचली. हजारो फोनांनी तो मोर्चा टिपला. त्यांतली किती छायाचित्रे आज तारीख, ठिकाण आणि टिपणाऱ्याच्या नावासह कुणाही संघटनेच्या कार्यालयात सापडतील? कॅमेरा टिपण्याची वेळ आणि बहुधा स्थळही फाइलमध्ये नोंदवीत असतो. परंतु तेच छायाचित्र व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने पाठविले की ते आकाराने आक्रसते आणि ही नोंदही गळून पडते. गटात फिरून परत आलेले चित्र म्हणजे निनावी पत्रक. ते भावना चेतवील; पुरावा म्हणून उभे राहणार नाही.

लाठीमार झाला की नाही, सभेला माणसे किती होती, कुणाची झोपडी कोणत्या तारखेपर्यंत उभी होती, हे वाद कोर्टातही जातात आणि इतिहासातही. तेथे ज्याच्याजवळ तारीखवार मूळ फाइल आहे त्याचे म्हणणे जड ठरते. पोलिसांकडे आणि बिल्डरकडे दप्तर असते. मोर्चेकऱ्याकडे आठवण असते. ही विषमता केवळ पैशाची नव्हे, शिस्तीची आहे.

यावर दोन आक्षेप येतात आणि दोन्ही गंभीरपणे घेण्याजोगे आहेत. पहिला असा की, मोठ्या कंपनीची यंत्रणा कार्यकर्त्याच्या कपाटातल्या डिस्कपेक्षा अधिक सुरक्षित असते. तांत्रिकदृष्ट्या ते बव्हंशी खरे आहे. परंतु त्या यंत्रणेत कितीही प्रती असल्या तरी त्या एकाच कराराखाली आणि एकाच पासवर्डखाली असतात. शिवाय तेथे फोन आणि कोठार एकमेकांशी जोडलेले असतात. फोनवरून चुकून पुसलेले छायाचित्र काही दिवसांनी कोठारातूनही नाहीसे होते. ही प्रतिबिंबे झाली, राखीव प्रती नव्हेत. तेव्हा कंपनीचे कोठार जरूर वापरावे, पण अनेकांतील एक म्हणून.

दुसरा आक्षेप समाजवाद्यांकडूनच येतो: हे काम सरकारचे आहे. सार्वजनिक अभिलेखागारांना निधी मिळालाच पाहिजे, यात वाद नाही. परंतु जानेवारी २००३ मध्ये पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातील कोठाराला आग लागली आणि जुन्या नायट्रेट फिल्मचा सार्वजनिक मालकीचा मोठा साठा जळून गेला. आगीने मालकी विचारली नाही. ज्याची प्रत अन्यत्र नव्हती ते कायमचे गेले. डॉ. लोहियांच्या चौखंबा राज्याची पाठ केलेली व्याख्याने देणाऱ्यांना निराळे सांगण्याची गरज नसावी की केंद्रीकरणाचा धोका सरकारी असो वा खासगी, सारखाच असतो.

उपाय साधा आहे. तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक दुसऱ्या गावी वा निदान दुसऱ्या इमारतीत, हा या क्षेत्रातला सर्वमान्य नियम आहे. चार मेगाबाइटचे एक छायाचित्र धरले तर एका टेराबाइटच्या डिस्कवर अडीच लाख छायाचित्रे मावतात. दोन डिस्कचा खर्च एका मेळाव्याच्या मांडवाहून अधिक येणार नाही. जिल्हा कार्यालयात एक, दुसऱ्या तालुक्यात एक आणि तिसरी प्रत भाड्याच्या कोठारात, अशी वाटणी कोणत्याही शाखेला परवडेल. फोल्डरचे नाव वर्ष, महिना, दिवस या क्रमाने सुरू करावे, पुढे स्थळ आणि प्रसंग लिहावा. म्हणजे यंत्र आपोआप कालानुक्रम लावते. मूळ फाइल व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून किंवा तारेने जोडून घ्यावी. माणसांची नावे त्याच आठवड्यात लिहून काढावीत. ती सांगणारी माणसे कायम राहत नाहीत. निरुपयोगी व दुबार छायाचित्रे काढून टाकावीत, कारण सगळेच ठेवणे ही निवड करण्याच्या कष्टातून काढलेली पळवाट आहे. वर्षातून एकदा प्रत्येक डिस्क उघडून पाहावी आणि काही वर्षांनी बदलावी. ज्यांच्या चेहऱ्यांमुळे त्यांच्यावर खटला वा सूड ओढवेल, त्यांची छायाचित्रे कुलूपबंद, संकेतबद्ध ठेवावीत; हीदेखील जबाबदारीच आहे.

या शिस्तीबरोबर एक राजकीय मागणीही उभी राहिली पाहिजे. युरोपातील नागरिकाला आपली माहिती वापरण्याजोग्या स्वरूपात परत घेऊन दुसरीकडे नेण्याचा हक्क मे २०१८ पासून कायद्याने आहे. भारताच्या २०१९ च्या विधेयकात अशी तरतूद होती. २०२३ मध्ये संमत झालेल्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातून ती वगळली गेली. कंपन्या आज छायाचित्रे उतरवून घेण्याची सोय देतात ती मेहेरबानी म्हणून. कुळाला जमीन मिळाली ती मेहेरबानीने नव्हे, कायद्याने. तोच न्याय येथे लागू केला पाहिजे: ठेव परत नेण्याचा हक्क, कोठार बंद करण्यापूर्वी पुरेशी मुदत आणि पूर्वसूचना, आणि मृत ठेवीदाराच्या वारसाला ठेव मिळण्याची स्पष्ट व्यवस्था.

मात्र कायदा येईपर्यंत डिस्क थांबणार नाहीत. ज्या संघटनेला आपल्या मागच्या वर्षीच्या मोर्चाचे छायाचित्र कंपनीच्या शोधयंत्राला विचारावे लागते, तिने जनतेच्या इतिहासाची भाषा जपून वापरावी. पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर ‘छायाचित्रांचे दप्तर’ हा एक विषय घ्यावा, दोन जबाबदार माणसांची नावे लिहावीत आणि डिस्क खरेदीचा ठराव त्याच दिवशी संमत करावा.